जेपीजी, पीएनजी की पीडीएफ? आधी पानावर काय आहे ते बघा

सोलापुरातल्या एखाद्या पतसंस्थेची, मंडळाची किंवा वाचनालयाची वेबसाइट उघडा. वार्षिक अहवाल म्हणून तिथं जे ठेवलेलं असतं ते बऱ्याचदा वाचवत नाही. एक तर फाइल चाळीस एमबीची, मोबाइलवर उतरता उतरता माणूस कंटाळून निघून जातो. नाहीतर इतकी दाबलेली, की ताळेबंदातला आकडा ६ आहे की ९ याचा अंदाज बांधत बसावं लागतं. कागद नीट छापलेला असतो, स्कॅनरही बरा असतो. बिघाड होतो तो स्कॅन झाल्यानंतर आणि अपलोड होण्याआधी.

‘जेपीजी चांगलं की पीएनजी?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, पानावर आहे काय? फोटो आहे, छापलेला मजकूर आहे, शिक्का-सही आहे, की नकाशासारख्या रेघा आहेत? चित्र साठवायच्या प्रत्येक रीतीनं त्या चित्राबद्दल काहीतरी गृहीत धरलेलं असतं. ते खरं निघालं तर फाइल लहान होते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. खोटं निघालं तर फाइल फुगते किंवा अक्षरं बिघडतात, आणि कधी कधी दोन्ही.

पिक्सेल म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगणं सोपं. जॅकार्डवर चादरीतला मोर विणायचा तर तो आधी चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. एकेक चौकोन सांगतो, ताण्याचा धागा इथं वर की खाली. लांबून मोराची मान गोल दिसते, जवळ गेलं की पायऱ्या दिसतात. स्कॅन केलेलं पान तसंच, फक्त प्रत्येक चौकोनात वर-खालीऐवजी तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी ० ते २५५.

आता हिशेब बघा. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० चौकोन या हिशेबानं, स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८, म्हणजे जवळपास ८७ लाख चौकोन होतात. प्रत्येकाचे तीन बाइट धरले तर एका पानाचे २६ एमबी. रंग काढून नुसत्या करड्या छटा ठेवल्या तर ८.७ एमबी. छटाही काढल्या, निव्वळ काळं आणि पांढरं एवढंच ठेवलं, तर जेमतेम १.१ एमबी. शंभर पानांची रंगीत स्मरणिका अशी न दाबता ठेवली तर अडीच जीबीच्या वर जाईल. म्हणून दाबणं आलं, आणि कसं दाबायचं यावरून हे सगळे फॉरमॅट निघाले.

जेपीजीला अक्षरं का सोसत नाहीत

जेपीजीचं प्रमाण १९९२ साली आलं, ते छायाचित्रांसाठी. त्याचं गृहीत असं, की शेजारशेजारचे चौकोन एकमेकांपासून फारसे वेगळे नसतात. आकाश असो, गाल असो की भिंत, रंग हळूहळू बदलतो. म्हणून ते चित्राचे ८ बाय ८ चौकोनांचे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकडा संथ आणि बारीक चढउतारांची बेरीज म्हणून लिहून काढतं, आणि त्यातले सगळ्यात बारीक चढउतार ढोबळ करतं किंवा गाळून टाकतं. फोटोत हे कुणाला कळत नाही.

अक्षराची गोष्ट वेगळी. पांढऱ्या कागदावर काळा ‘क’ असला की पांढऱ्यावरून काळ्यावर एका चौकोनात उडी असते. ही उडी लिहायला नेमके ते बारीक चढउतारच लागतात, जे जेपीजीनं टाकून दिलेले असतात. मग अक्षराभोवती करडी धूळ बसल्यासारखी दिसते. ती धूळ म्हणजे फॉरमॅटची बाकी राहिलेली चूक. स्कॅनरची काच कितीही पुसली तरी ती जाणार नाही.

दुसरी भानगड रंगाची आहे, आणि आपल्याकडच्या छपाईत ती जास्त सापडते. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. जेपीजी याचा फायदा घेतं: उजेड वेगळा, रंग वेगळा करतं, आणि बहुतेक सॉफ्टवेअर रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवतात. म्हणजे चार चौकोनांत मिळून एक रंग. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या फोटोत हे खपून जातं. पण लग्नपत्रिका किंवा कार्यक्रमपत्रिका म्हणजे हळदी पिवळ्यावर लाल अक्षरं, नाहीतर हिरव्यावर लाल. तिथं अक्षरांच्या कडा फिसकटतात, आणि क्वालिटी थोडी वाढवूनही फार फरक पडत नाही. चित्रं दुरुस्त करायच्या जिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जेपीजी निर्यात करताना प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग हा रकाना असतो. तिथं ४:४:४ निवडलं की रंग पूर्ण राहतो. पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा अशी पत्रिका पीएनजीत ठेवणं बरं.

तिसरी गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण पाळत कुणी नाही. जेपीजी उघडून, थोडं कापून, पुन्हा जेपीजी म्हणून सेव्ह केलं की ते पुन्हा दाबलं जातं. गेलेलं परत येत नाही आणि आणखी थोडं जातं. ग्रुपवरून आलेली पत्रिका कुणी कापतो, कुणी तिच्यावर तारीख टाकतो, कुणी पुढं ढकलतो. व्हॉट्सअॅप वाटेत स्वतःही दाबतं. चार हात फिरून आलेली ही फाइल वेबसाइटवर चढवायला घेऊ नका. मूळ फाइल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच मागा, आणि ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगायला विसरू नका.

फोटोला मात्र जेपीजीच. १०० पैकी ८० ते ८५ च्या आसपास क्वालिटी ठेवली की चालतं. १०० वर ठेवून फाइल फुगते, डोळ्यांना जास्तीचं काही मिळत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरची मोजपट्टी वेगळी असल्यानं आकड्यावर श्रद्धा ठेवू नका, डोळ्यांनी बघा.

पीएनजी कुठं, कुठं नाही

पीएनजीचा जन्म भांडणातून झाला. १९८७ चं जिफ सगळीकडे वापरात होतं, आणि त्यातल्या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट निघालं. पैसे मागायची भाषा सुरू झाली तशी मंडळींनी मुक्त पर्याय तयार केला, १९९६ मध्ये. पीएनजी काहीच टाकून देत नाही. तेच तेच पुन्हा आलं की ‘मागचंच पुन्हा’ एवढी नोंद करून जागा वाचवतं. सपाट रंग, रेघा, स्क्रीनशॉट, लोगो, चार रंगांची सूचना, हे पीएनजीचं राज्य. फोटोत मात्र प्रत्येक चौकोन थोडा थोडा वेगळा असतो, ‘मागचंच पुन्हा’ म्हणायला काही सापडत नाही, आणि फाइल जेपीजीच्या कित्येक पट होते.

एक युक्ती फारशी कुणी वापरत नाही. सूचनेत दहा-बारा रंगच असतील तर पीएनजी रंगांची यादी करून प्रत्येक चौकोनात फक्त यादीतला क्रमांक ठेवू शकतं. यादी २५६ रंगांपर्यंत चालते. सेव्ह करताना ‘इंडेक्स्ड’ हा प्रकार निवडायचा. फाइल बरीच उतरते आणि अक्षरं जशीच्या तशी राहतात. ज्या गावात चादर विणायच्या आधीच धाग्यांचे रंग मोजून ठरतात तिथं हे कुणाला अवघड जाऊ नये.

लोगो आणि बोधचिन्ह कोरलड्रॉमध्ये काढलेलं असेल तर त्याला पिक्सेलमध्ये उतरवूच नका. एसव्हीजी म्हणून निर्यात करा. त्यात चौकोन नसतात, रेघ कुठून कुठं जाते याची सूत्रं असतात, त्यामुळं फ्लेक्सएवढं मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. अक्षरं कर्व्हजमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की चौकटी दिसतात.

जुनी स्मरणिका आणि गायब होणारे अनुस्वार

मजकुराचं पान काळं-पांढरं केलं की फाइल सगळ्यात लहान होते, शंभर केबीच्या आतही बसते. म्हणून स्कॅनरवाले तेच करतात. पण काळं-पांढरं करताना एक सीमा ठरवावी लागते: एवढ्यापेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं. खिळे जुळवून छापलेल्या, पिवळ्या पडलेल्या स्मरणिकेत शाई सगळीकडे सारखी नसते. सीमा जरा खाली गेली तर फिके अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व वेलांटीचा पातळ भाग पुसला जातो. वर गेली तर कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या पोटात शाई भरते. इंग्रजीत ‘आय’वरचा ठिपका गेला तरी वाचणारा सावरून घेतो, देवनागरीत ठिपका गेला तर शब्दच बदलू शकतो. म्हणून मराठी जुनं पान करड्या छटांत, ३०० डीपीआयनंच स्कॅन करावं असं माझं ठाम मत आहे. जागा जास्त लागते, लागू द्या.

शिक्का असेल तर करडंही नको, रंगीत घ्या. जांभळ्या शाईचा फिका गोल शिक्का करड्यात मजकुरात मिसळतो. मोबाइलच्या स्कॅनिंग अॅपमधल्या कागद पांढराशुभ्र करणाऱ्या फिल्टरमध्ये तर तो पार उडून जातो. कागद चकचकीत होतो आणि ज्या शिक्क्यामुळं कागदाला किंमत तोच जागेवर नसतो.

काळ्या-पांढऱ्या पानांची आणखी एक कथा आहे, ती आकड्यांचे कागद ठेवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या असं लक्षात आलं, की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळंच बदलली आहेत. मुळात १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३. आकडे अस्पष्ट नव्हते, अगदी स्वच्छ, पण चुकीचे. कारण होतं जेबिग-टू ही दाबण्याची पद्धत. ती पानावरचे एकसारखे दिसणारे तुकडे शोधते, त्यातला एक ठेवते आणि बाकीच्या जागी त्याचीच छाप उमटवते. मशीनला ६ आणि ८ सारखे वाटले, की ६ च्या जागी ८ बसला. कंपनीनं नंतर दुरुस्ती काढली.

आपल्या लिपीत तर घ-ध, भ-म, प-ष, ब-व अशा जोड्या किती! पतसंस्थेचा ताळेबंद, सातबारा, मोजणीचा नकाशा असे कागद काळे-पांढरेच करायचे असतील तर फॅक्सच्या काळापासून चालत आलेली ग्रुप-फोर ही पद्धत निवडा. ती काही बदलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जेबिग-टू दिसलं आणि शेजारी ‘लॉसी’ (म्हणजे काही माहिती टाकून देणारं) असं लिहिलेलं असलं, तर हात लावू नका.

७२ डीपीआय हा आकडा विसरा

डीटीपीच्या धंद्यात अजून ऐकू येतं, ‘वेबसाठी ७२ डीपीआय करा.’ पडद्याला डीपीआय कळत नाही. त्याला कळतात फक्त चौकोन. १२०० चौकोन रुंद असलेलं चित्र ७२ लिहिलं तरी तेवढंच दिसतं आणि ३०० लिहिलं तरी तेवढंच. डीपीआय कामाचा दोनच वेळा: स्कॅन करताना आणि छापताना. पडद्यासाठी रुंदी बघा. मजकुराचं ए-फोर पान १५० डीपीआयला उतरवलं की १२४० चौकोन रुंद होतं. मोबाइलवर बोटांनी मोठं करून वाचायला ते पुरतं, बारीक टाइप असेल तर १६०० पर्यंत जा.

पत्रिकावाल्यांसाठी यातलंच एक. छपाईची फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगांत असते. तीच जेपीजी करून वेबवर टाकली तर लाल कधी मातकट दिसतो, कधी भडक. निर्यात करताना आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, निवडा.

पीडीएफ हा फॉरमॅट कमी आणि पेटी जास्त

पीडीएफच्या आत जेपीजी असू शकतं, ग्रुप-फोर असू शकतं, खरा टाइप केलेला मजकूरही असू शकतो. त्यामुळं ‘पीडीएफ केली’ एवढ्यानं काहीच सांगून होत नाही. मोबाइलनं काढलेले बारा फोटो एका पीडीएफमध्ये कोंबले तर ते बारा फोटोच राहतात. त्यात शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइलला ते वाचून दाखवता येत नाहीत.

मजकूर तुमच्याकडे संगणकावरच टाइप झालेला असेल तर तो चित्र करून टाकण्यात काहीच शहाणपण नाही. तो पानावर मजकूर म्हणून द्या. अडचण एकच येते: आपल्याकडचं पुष्कळ काम अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. दिसायला मराठी, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या पीडीएफमधून कॉपी केलं की भलतंच काहीतरी येतं. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या मराठीत, बदलून घ्या आणि एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात.

जुन्या छापील पानांसाठी उपाय म्हणजे ओसीआर, चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट हे मुळात ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेलं, २००५ मध्ये सर्वांना खुलं झालेलं सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, आणि फुकट आहे. ते वापरणारं ओसीआरमायपीडीएफ नावाचं साधन पानाचं चित्र जसंच्या तसं ठेवतं आणि त्याच्यामागं न दिसणारा मजकूर पसरतं. वाचकाला जुनं पान दिसतं, शोध मात्र लागतो. सोलापुरात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पूर्व भागातल्या संस्थांच्या स्मरणिकेत मराठीच्या शेजारी तेलुगू पान येतं, कुठं कन्नड येतं. टेसरॅक्टला एका वेळी अनेक भाषा सांगता येतात. नुसतं मराठी सांगितलंत तर तेलुगू पानातून तो मराठीच काढून दाखवील.

क्रम चुकवू नका: आधी ३०० डीपीआयच्या पूर्ण स्कॅनवर ओसीआर, मग चित्र लहान करणं. आधी दाबून मग ओसीआर केलं तर मशीनही तुमच्यासारखंच अंदाज बांधतं. आणि ते पूर्ण स्कॅन टिफ किंवा पीएनजीत वेगळ्या डिस्कवर ठेवा. बहुतेक ब्राउझर टिफ दाखवतच नाहीत, त्याचं काम साठवणीचं आहे. १९३० मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉच्या काळातलं एखादं पत्रक कुणाच्या ट्रंकेत निघालं, तर त्याचं रंगीत टिफच करा. कागदाचा रंग, घडी, मागून उमटलेली शाई हाही पुरावाच असतो.

चादर, टॉवेल आणि नवे फॉरमॅट

कापडाचे फोटो टाकणाऱ्यांना एक त्रास ठरलेला. मोठ्या फोटोत चादर छान दिसते, लहान केली की तिच्यावर मुळात नसलेल्या लाटा उमटतात. विणीची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्यानं हे होतं. फोटो लहान करताना बायक्युबिक किंवा लँझोस पद्धत निवडा, तरी राहिलं तर आधी किंचित धूसर करा. छापील पुस्तकातला फोटो स्कॅन करताना याच लाटा छपाईच्या ठिपक्यांमुळं येतात. स्कॅनरमध्ये ‘डीस्क्रीन’ असतं, ते लावा.

गूगलचं वेबपी २०१० मध्ये आलं आणि २०२० मध्ये अॅपलच्या सफारी ब्राउझरनंही ते स्वीकारल्यावर सगळीकडे चालू लागलं. फोटोंसाठी ते जेपीजीपेक्षा हलकं पडतं. पण त्याच्या लॉसी प्रकारात रंग कायम निम्म्या मापानंच साठतो, ४:४:४ चा पर्यायच नाही. म्हणजे पिवळ्यावरच्या लाल अक्षरांना तिथंही थारा नाही; त्यासाठी वेबपीचाच लॉसलेस (काहीच न टाकणारा) प्रकार वापरा, तो बहुधा पीएनजीपेक्षाही लहान होतो. २०१९ चं एव्हीआयएफ आणखी हलकं आहे आणि पूर्ण रंग ठेवू शकतं, मात्र जुन्या मोबाइलवर उघडेलच असं नाही. कॅटलॉगमधल्या फोटोंना वेबपी, असं मी तूर्त सांगतो. लोकांनी उतरवून घेऊन पुढं कुठं जोडायचे कागद मात्र जेपीजी किंवा पीडीएफमध्येच द्या. अर्जांची पोर्टलं बहुधा बाकी काही घेत नाहीत. आयफोनमधून आलेला एचईआयसी प्रकारचा फोटो वेबवर चढवण्याआधी बदलाच.

अपलोडच्या आधी

मोबाइलनं काढलेल्या फोटोत तो कुठं काढला ते ठिकाण लपलेलं असू शकतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की राहतं. म्हणजे वर जो सल्ला दिला तो पाळला की हे काम वाढतं. कुणाच्या घरी जाऊन कागदांचे फोटो काढले असतील तर निर्यात करताना मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबतची ही लपलेली माहिती, काढून टाका.

फाइलला मराठी नाव देऊ नका असं सांगताना मलाही बरं वाटत नाही, पण लिंकमध्ये एकेका देवनागरी अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि पत्ता चार ओळींचा बनतो. नाव रोमनमध्ये, साल आणि पान क्रमांकासकट ठेवा. मराठी शीर्षक पानावर आणि चित्राच्या वर्णनात द्या.

आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक झाकायचे असतील तर पीडीएफवर काळा पट्टा ओढून थांबू नका. पट्टा वर बसतो, आकडा खाली तसाच राहतो. त्या पट्ट्यावरून माउस फिरवून निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. आकडा उतरला तर तो कुणालाही उतरवता येईल. पेस्ट काहीच झालं नाही तरी खात्री नसते, कारण खाली स्कॅनचं चित्र असेल तर पट्टा उचलला की आकडा दिसतो. मोबाइलमधल्या मार्कर पेननं झाकलेला आकडा उजेड वाढवला की कधी कधी वाचता येतो, कारण ती शाई अर्धपारदर्शक असते. भरीव चौकोन टाका, मग ते पान सपाट चित्र म्हणून नव्यानं निर्यात करा आणि तेच चित्र पीडीएफमध्ये घाला. वर्डमध्ये फोटो कापून आकडा बाहेर काढला असेल तर कापलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग काढून टाकण्याची खूण केल्याशिवाय तो जात नाही.